साइटस्क्रीनपुढचा माणूस

कसबा पेठेतल्या पूर्वाच्या डोक्यात तिडीक गेली, ती एका निळ्या शर्टामुळे. स्वारगेटजवळच्या जुन्या स्टेडियमवर शहर संघाची निवड चाचणी चाललेली, पूर्वा बॅटिंग करतेय, समोरून गोलंदाज धावत सुटलेली — आणि गोलंदाजाच्या मागे, पांढऱ्या साइटस्क्रीनपुढून हा गृहस्थ मोबाइल उंचावून आरामात चाललेला! बॅटरला चेंडू नीट दिसावा म्हणून लावतात तो पडदा. खेळ चालू असताना त्याच्यापुढून कुत्रंसुद्धा फिरकू देत नाहीत. पुढच्याच क्षणी पूर्वाचा मधला स्टंप आडवा झाला.

पॅड न सोडताच ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डोळे काय खिशात ठेवून फिरता?"

"सॉरी... मी तर जुन्या पॅव्हेलियनचे फोटो काढून राहिलो होतो. शुभंकर. अमरावतीचा. तिकडे बेसबॉल खेळायचो, क्रिकेटचं फारसं कळत नाही मला."

"दिसलं. सगळ्या मैदानाला दिसलं. आता निवड गेली, म्हणजे आई माझं किट माळ्यावर टाकणार आणि मला बोहल्यावर चढवणार. झालं समाधान?"

"चहा घेता का? म्हणजे... राग थोडा—"

"अमरावतीत चहा पाजला की विकेट परत मिळते का?"

तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? पण हसला, आणि मेल्याच्या गालाला खळी पडली. पूर्वा आणखीच भडकली.

निवड झाली नाहीच. आठवडाभर घरात आईची स्थळं आणि पूर्वाची भांड्यांची आदळआपट. शेवटी रविवारी किटबॅग उचलून ती तणतणत स्टेडियमबाहेरच्या खेळाच्या दुकानांकडे निघाली. रंगरावांच्या दुकानातून घेतलेली बॅट त्यांच्याच गळ्यात मारून मोकळं व्हायचं, बस्स. तर दुकानाच्या पायरीवर शुभंकर बसलेला.

"आज दुकानाचे फोटो का?"

"नाही. तुम्ही भेटाल म्हणून आलो. सगळी गल्ली पालथी घातली, चहावालासुद्धा कंटाळला मला." तो उठला. "मी येतो तुमच्या घरी. आईंना सांगतो, चूक माझी होती. आणखी एक वर्ष मागून घेऊ."

"काही गरज नाही."

"पण चूक तर—"

"नाही म्हटलं ना."

तो पायरीवरून बाजूला सरकला. मग चाचरत म्हणाला, "एक विचारू? रंगराव सांगत होते, पडद्यापुढे कुणी आलं तर बॅटरनं नुसता हात वर करायचा, बॉलिंग थांबते. तुम्ही तर मला पाहिलं होतं... मग हात का नाही केला?"

पूर्वा लालबुंद झाली. आठवडाभर ती ज्याच्या नावानं बोटं मोडत होती, त्याच्यावर मुळात तिचा राग नव्हताच.

"कारण मी तुमच्याकडे बघत बसले होते," ती जवळजवळ ओरडलीच. "चेंडू येतोय, आणि मी बघतेय, हा कोण! इतक्या वर्षांची मेहनत अशी मातीत घातली. माझी मलाच लाज वाटते. म्हणून आईपुढे तुमची चूक सांगायची नाही. कळलं?"

शुभंकरनं हळूच विचारलं, "मग... आईंना काय सांगायचं?"

"ते मी सांगेन. आणखी एक वर्ष खेळणार म्हणून." तिनं किटबॅग पुन्हा खांद्याला लावली. राग अजून नाकावर होताच. "आणि स्थळं बघणं बंद कर म्हणावं. एवढी महागडी विकेट देऊन हा मिळालाय, मी नाही सोडणार."