चरलेलं रान

दुरास्नो गावच्या शाळेत एल्बियो लारालदे माझ्या बाकावर बसायचा, आणि त्याचा उजवा पाय कधी म्हणून स्थिर नसायचा. सुल्मा बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणायच्या, "एल्बियो, बाक हलतोय." पुढे मी गुरांचा डॉक्टर झालो. तो कुंपणाच्या तारा विकू लागला, आणि मग लोकांनी पैसे कुठे गुंतवावेत हे सांगणारा बडा माणूस झाला.

त्याचं सांगणं सोपं होतं. "बँक कागद देते, मी गाय देतो. गाय चरते, तुम्ही झोपता. वर्षाला वासरू." ज्यांनी गाय फक्त ताटात पाहिली होती, ती शहरातली माणसं त्याच्या दारात रांग लावू लागली. राजधानीत, मॉन्टेव्हिडिओच्या किनाऱ्यावर काचेचं ऑफिस झालं. रविवारी निखाऱ्यांवर मांस भाजून पाहुण्यांना जेवणं. प्रत्येकाला आपापल्या गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मिळायचा. सुल्मा बाईंनी नवरा गेल्यावर राहतं घर विकलं आणि गायी घेतल्या.

सुरुवातीला गायी खऱ्या होत्या. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. मीच त्यांना लसी टोचल्या. नंतर एल्बियोने मला बोलावणं बंद केलं. विचारलं की म्हणायचा, "दुसरा डॉक्टर ठेवलाय रे. तुला कशाला एवढ्या लांब दमवू?" बोलताना टेबलाखाली त्याचा पाय हलत असायचा.

मग एका मार्चमध्ये पैसे यायचे थांबले. लोक ऑफिसच्या काचा बडवू लागले. कोर्टाने एल्बियोला जामीन दिला, पण त्याने रानातल्या घरीच राहावं या अटीवर. तिथे गुरं किती आहेत ते पाहून यायचं काम माझ्याकडे आलं. सुल्मा बाई माझ्या गाडीशी येऊन उभ्या राहिल्या.

"मीपण येते. मला माझ्या गायी बघायच्यात."

"बाई, तिथे काही नसेल."

"नसेल तर नसेल. नसलेलं तरी बघते."

जुलै, म्हणजे आमचा ऐन हिवाळा. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती, ऊन फिकट, वारा अजिबात नाही. कुंपणापलीकडे नजर पोचेल तिथवर रान मोकळं होतं. एक जनावर नाही.

पण वर्षानुवर्षं गुरं नसलेल्या रानात गवत कमरेला लागायला हवं. इथे ते मातीलगत आलं होतं. मी वाकून पाहिलं. पाती ओढून तोडलेली होती, गाय जिभेने ओढून तोडते तशी. शेण मात्र कुठेच नव्हतं. खुराचा एक ठसा नव्हता.

सशांचं काम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ससा गवत ओढत नाही, कातरतो, हे मला पक्कं माहीत होतं.

एल्बियो पाण्याच्या हौदापाशी होता. दाढी वाढलेली, कपडे अंगावर लोंबणारे. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा.

"बाई, तुम्ही कशाला आलात?"

"माझ्या गायी दाखव."

"नाहीत, बाई." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुमच्या घेतल्याच नाहीत कधी. तुमचे पैसे आधीच्या लोकांना दिले." मग घाईघाईने माझ्याकडे वळून म्हणाला, "दार्दो, हौद गळतोय का बघ ना. तुझे डोळे चांगले आहेत."

हौद काठोकाठ भरलेला होता. भोवतालची माती कोरडी ठणठणीत. मी बघत होतो आणि पाणी उतरत होतं. काठालगत त्याला बारीक खळगे पडत होते, एकाशेजारी एक, ओळीने.

"दिवसभर पंप चालू ठेवतो," एल्बियो म्हणाला. "पुरत नाही रे."

"बाई, चला, गाडीत बसू," मी म्हणालो.

बाई जागेवर नव्हत्या. त्या कुंपणाशी गेल्या होत्या. हातमोजा काढून त्यांनी तळहात तारेपलीकडे धरला होता.

"जीभ किती खरखरीत असते रे यांची," त्या म्हणाल्या.

हात मागे घेतला तेव्हा तो मनगटापर्यंत ओला होता. थंडीत त्यातून वाफ निघत होती.

एल्बियोचा पाय थांबला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

"तिथे काही नाहीये!" तो ओरडला. "माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मीच नाही घेतल्या ना!" फाटक ढकलून तो आत गेला. "बघा बाई! मोकळं आहे! बघा!"

हात पसरून तो बराच आत चालत गेला.

मग डावीकडे सरकला. कुणी खांद्याने लोटावं तसा.

हसला. परत फिरायला गेला. त्याला फिरता येईना.

"दार्दो," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडण्याएवढा श्वास त्याला घेता येत नव्हता.

त्याचे हात दोन्ही बाजूंनी अंगाला चिकटले. टाचा जमिनीवरून सुटल्या.

मी धावलो. आतली हवा कोमट होती. ओल्या केसांचा वास होता.

मागे बाईंनी पत्र्याची बादली फाटकावर आपटली आणि वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या, "सरका! सरका म्हणते ना!"

एल्बियो खाली पडला. मी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं.

त्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यात लिहिलं, पडल्यामुळे. गुरांच्या दाटीत चेंगरलेले मजूर मी पाहिले आहेत. त्यांच्या बरगड्या अशाच मोडतात. कोर्टाला मी कळवलं की रानात गुरं नाहीत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

खटला उभा राहायच्या आत, त्याच हिवाळ्यात, एल्बियो गेला. शेवटपर्यंत तो नर्सला खोलीचं दार लावून घ्यायला सांगत होता. बाईंना एक पैसा परत मिळाला नाही. त्या आता बहिणीकडे राहतात. मी भेटायला गेलो की माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, पाजतात, हवापाण्याचं बोलतात.

रान लिलावात गेलं. ओल्मेदो नावाच्या माणसाने तिथे मेंढ्या सोडल्या. ऑक्टोबरात त्याने मला बोलावलं. "डॉक्टर, मेंढ्या वाळत चालल्यात. काय रोग आहे बघा."

रोग नव्हता. सगळा कळप फाटकाजवळच्या कोपऱ्यात अंगाला अंग लावून उभा होता. पायाखाली नुसती माती. पुढे एवढं रान पडलेलं, तिकडे एकही मेंढी जात नव्हती.

"हाकलून बघितलं," ओल्मेदो म्हणाला. "लगेच परत येतात."

तेवढ्यात एक कोकरू कळपातून सुटलं आणि उड्या मारत मोकळ्या रानात गेलं. मध्येच थबकलं. मग त्याने मान खाली घातली, पाठ आकसली, आणि कशाच्या तरी पोटाखालून जावं तसं वाकून ते पलीकडे निघालं.