बुधवाऱ्याचं मंत्रिमंडळ फुटलं

"फौजदार, चला! सरकार पडतंय!"

दिगंबर मास्तर दारात धापा टाकत उभे होते. लीलाधर फौजदारकीतून निवृत्त झालेले, पण अशी हाक आली की कान अजून टवकारायचे.

सरकार म्हणजे दिल्लीचं नव्हे, बुधवारा पेठेतल्या वाचनालयाचं. देश प्रजासत्ताक झाल्यापासून मास्तरांच्या अंगात राज्यघटना संचारली होती. त्यांनी वाचनालयाची कमिटी मोडली, पाच जणांचं मंत्रिमंडळ केलं आणि स्वतः पंतप्रधान झाले. नियमही दिल्लीचाच: खोलीत हवं तितकं भांडा, बाहेर सगळ्यांचं तोंड एक.

ते तोंड आज चौकात फुटलं होतं. भिंतीवर कागद, ओळखू येऊ नये अशा वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेला:

'दुपारी बायकांना वाचनालय उघडायचं ठरलं. भाईदास म्हणाले, बायका वाचायला लागल्या तर भाकरी कोण थापणार? पंतप्रधानांनी आधी मान डोलावली, मग पलटले.'

भाईदासच्या घरी सकाळपासून चूल थंड होती. मथुराबाईनं परात नवऱ्यापुढे सरकवली होती, "थापा आता!"

"हे निर्मलाचंच काम," भाईदास उपाशीपोटी गरजला. "सभेचे कागद टाइप तीच करते. आजच काढा तिला!"

निर्मला वाचनालयात टाइपरायटरपाशी ताठ बसली होती. तिचं घर या नोकरीवर चालायचं.

"अरे, पोरीला कशाला धरता?" पंडित हळहळला. हा पाचवा मंत्री. याच्याकडे कुठलंच खातं नव्हतं.

लीलाधरांनी भिंतीवरून काढून आणलेला कागद उलटा केला. मागे कालच्या सभेची विषयपत्रिका.

"प्रती किती काढल्यास, पोरी?"

"पाच, काका. दर मंत्र्याला एक. सभा सुटली की परत घ्यायच्या. चारच आल्या."

"कोणी नाही दिली?"

"गोळा शिपायानं केल्या, निंबानं. त्यांवर नावं थोडीच असतात?"

"तू कुठं होतीस?"

"बाहेर. दार बंद होतं."

"मग कान लावला असंल!" भाईदास ओरडला.

लीलाधरांनी त्या चार प्रती मागवल्या. चारही चिकट, बोटांच्या तपकिरी ठशांनी माखलेल्या. भिंतीवरचा कागद मात्र स्वच्छ करकरीत.

"निंबा, हे काय?"

"माव्याची जलेबी, साहेब," शिपाई म्हणाला. "सभेत चार ताटल्या दिल्या."

लीलाधरांनी पाचही मंत्र्यांना टेबलाभोवती बसवलं.

"भाईदासचं गरजणं दाराबाहेर ऐकू जाईल. पण मास्तरांची डोलणारी मान? तिला काय घुंगरू बांधलेत? लिहिणारा आत होता. मंत्री पाच, ताटल्या चार. निंबा, कोण राहिलं?"

"पंडितभाऊ. मास्तरच बोलले ना, हे बिनखात्याचे मंत्री. म्हटलं, खात नसतील. उपास होगा."

पंडित उसळला.

"हो, मीच लिहिलं! चौघं मिटक्या मारत होते अन् मी तोंडं बघत बसलो. काहीतरी करायला नको?"

"राजीनामा दे," मास्तर म्हणाले.

"नाही देत. तुमची मान काय मी हलवली?"

मास्तर उठले. "तर मग मी देतो. पंतप्रधान गेला की सगळं मंत्रिमंडळ गेलं. निर्मला, टाइप कर."

भाईदासला एकदम तरतरी आली. "म्हणजे बायकांचं तेही गेलं!"

निर्मलानं कागद यंत्रातून सर्रकन काढला, मास्तरांपुढे सहीला ठेवला.

"मंत्री गेले, भाईदासकाका. ठराव कुठं कोणी रद्द केलाय? अन् मी नोकर आहे. मी जात नसते."

तिनं खुंटीवरची किल्ली घेतली आणि दुपारी दोनला दार उघडलं. पायरीवर मथुराबाई अकरा जणींना घेऊन बसली होती.

"किती उशीर गं," ती म्हणाली. "आण तो आजचा पेपर आधी."