पेटीतले उतारू

पाणी कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतात, लोखंडसुद्धा रंगाखाली गंज लपवून बसतं. पण पाणी बोटीच्या अंगावर जिथे रेघ ओढतं, तेच तिचं खरं वजन. हे उदात्त मत भाच्याने बंदर खात्याच्या परीक्षेत लिहिलं होतं, आणि त्या परीक्षेत तो काठावर पास झाला होता.

तरीही खात्याने त्याला बोटी तपासायला ठेवलं आणि पहिल्याच वर्षी सख्ख्या मामाच्या बोटीवर पाठवलं. खात्यांना नात्यागोत्याचं भान असतं ते असं.

"तपास हो, अगदी नीट तपास," मामी म्हणाली. "फक्त मामाला नापास करून जेवायला येऊ नकोस. पानं वाढलेली असतील. तुझं नसेल."

मामाची बोट खाडीच्या अलीकडून पलीकडे माणसं न्यायची. पलीकडचं गाव लहान. सिमेंटचे पाइप घडवणारा एक कारखाना, एक शाळा, आणि काठापासून वर चढत जाणारा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून बसलेली घरं. तिथून इकडे रस्त्याने यायचं तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस जाई. बोट बंद पडली तर मामाची चूल बंद आणि त्या गावाला इकडचा दवाखाना बंद. भाच्याला हे ठाऊक होतं. भरलेली बोट बुडाली तर काय काय बंद होईल, हेही ठाऊक होतं.

लोक त्या बोटीला पेटी म्हणत, कारण ती पेटीच होती. सपाट बूड, तीन बाजूंना डोक्याएवढ्या लोखंडी भिंती, आणि पुढे, इतर बोटींना जिथे नाक असतं तिथे, बिजागरीवर टांगलेली चौथी भिंत. युद्धात मोठी जहाजं खोल पाण्यात थांबत आणि असल्या पेट्या शिपाई भरून किनाऱ्याकडे सुटत. वाळूला बूड टेकलं की पुढची भिंत आडवी पडे आणि शिपाई तिच्यावरून शत्रूच्या मुलखात धावत सुटत. युद्ध संपल्यावर नौदलाने पेट्या लिलावात काढल्या. मामाने एक घेतली, पुढच्या भिंतीला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि बाजूला फळी टाकून धंदा सुरू केला.

मामाचा नियम एकच होता. पेटीत 'उतरा' म्हणायचं नाही. धक्का आला की तो म्हणे, "आलं." माणसं समजून घेत. त्यांनाही ती सवय लागली होती. पलीकडच्या गावातल्या शिंपीणबाई तपासणीच्या दुपारी छत्री सावरत फळीवरून आत आल्या त्या हेच सांगत, की नातवाचा ताप एकदाचा कमी झाला. पेटीत ताप उतरत नसे. साखरेचे भावदेखील फक्त खाली येत.

दुपार दुधासारखी होती. आभाळ आणि खाडी एकाच रंगाची, मधली रेघ कोणीतरी पुसून टाकलेली. भाचा धक्क्यावर पालथा पडून बोटीच्या कडेवरच्या खुणा वाचत होता. त्याने एकदा वाचल्या, चष्मा पुसून पुन्हा वाचल्या.

"मामा, मी तपासायला घेतली तेव्हा बोट रिकामी होती ना?"

"तूच होतास की इथे."

"मग बोट चार बोटं जास्त बुडलीय कशी?"

"शिकलेला तू. मला काय विचारतोस?"

भाच्याने तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या. खाली पाणी नव्हतं. धूळ होती, बारीक, कोरडी, कपाटामागे असते तशी. बोटीच्या पोटात धूळ ही खरं तर बक्षीस देण्याजोगी गोष्ट. त्याने ठोकून पाहिलं, वास घेतला, आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. चार बोटं म्हणजे तीसेक माणसं, सामानासकट.

"नापास करावी लागेल, मामा."

मामा इंजिनावर फडकं फिरवत होता. फिरवतच राहिला.

"ते बसलेत," तो म्हणाला.

"कोण?"

"लिलावाच्या वेळी नौदलाचा एक म्हातारा होता ताब्यात द्यायला. त्याने सांगितलं. लढाईच्या दिवशी ही पेटी किनाऱ्याला लागली आणि पुढची भिंत उघडेना. अडकली. हुकूम आला, मागे फिरा. फिरताना वरून गोळा पडला आत. बोटीला काही झालं नाही." मामा थांबला. "बोटीला."

"आणि म्हणून तुम्ही तो शब्द..."

"त्यांना एवढंच सांगितलेलं असतं, बाबा. भिंत पडेल, आवाज येईल 'उतरा', की समोर असेल तो शत्रूचा किनारा. तो आवाज त्यांनी अजून ऐकलेला नाही. बसलेत. त्रास काही देत नाहीत."

"तिकीट काढतात का?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे वेळेवर काढता, बाई?"

भाचा हसला, पण फार नाही. खात्याच्या नियमात माणूस पंचाहत्तर किलोचा धरतात. जिवंत की कसा, ते लिहिलेलं नाही. त्याला मामाची कीव आली. इतक्या वर्षांत इंजिनाच्या आवाजाने माणसाचं काहीतरी होणारच. त्याने ठरवलं, पलीकडे पाणी संथ आहे, तिथे पुन्हा मोजू. चूक आपल्या डोळ्यांची निघाली तर सगळ्यांचीच पानं वाढली जातील. शिवाय नियमाप्रमाणे पुढची भिंत उघडूनही बघायची होती, आणि तिला आडवं पडायला लागणारी वाळूची उतरण पलीकडेच होती. तसं त्याने मामाला सांगितलं.

"उघडतो," मामा फडकं खाली ठेवून म्हणाला. "तू फक्त तोंड बंद ठेव."

पेटी निघाली. पाण्यावर ओरखडासुद्धा उठत नव्हता. मधोमध आल्यावर दोन्ही काठ दिसेनासे झाले आणि इंजिनाचा आवाज दुसऱ्याच कुठल्या बोटीचा असावा असा लांबून येऊ लागला. भाच्याचे डोळे जड झाले. त्याला वाटलं, आपण गर्दीत उभे आहोत. दोन्ही बाजूंनी कोणाचे तरी खांदे लागताहेत, त्यामुळे झोप लागली तरी आपण पडणार नाही. ओल्या लोकरीचा वास येत होता. शिंपीणबाईंनी छत्री अंगाशी घेतली होती, अडचण होऊ नये म्हणून घेतात तशी.

मग वाळू आली. बूड घासलं.

"आलं," मामा म्हणाला.

शिंपीणबाई बाजूच्या फळीवरून गेल्या आणि रस्ता चढू लागल्या. मामाने कुलूप काढलं, साखळी सोडली. इतकी वर्षं बंद असलेली भिंत कुरकुरसुद्धा न करता आडवी झाली आणि वाळूवर निजली.

भाचा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिला, बोटीच्या मागच्या खुणेपाशी. पाणी खरंच आरशासारखं होतं. चार बोटं. तीच चार बोटं. डोळ्यांची चूक नव्हती.

मामा अजून इंजिनापाशी बसलेला होता. रिकाम्या बोटीचं माप घ्यायचं तर त्यालाही बाहेर यायला हवं होतं. आणि भाचा वैतागलेला होता, मामावर, स्वतःवर, मामीने न वाढलेल्या पानावर. वैतागलेला सरकारी माणूस नियमातली भाषा बोलतो. तो खुणेवरून नजर न काढता, खात्याने शिकवलेल्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला,

"बोटीतले सर्वजण, उतरा."



पाण्याची रेघ हलली. लोखंडाची एक ओली पट्टी वर आली, करंगळीएवढी. मग आणखी एक.

पुढे, आडव्या भिंतीचं टोक वाळूवर आपटलं. थोडं उचललं गेलं. पुन्हा आपटलं.

पुन्हा.

घाई नव्हती त्यात. शिस्त होती.

मग ते थांबलं. बोट हलकी झाली होती. पायाला लागलेल्या छोट्या लाटेवर ती पोरासारखी डुलत होती. पाणी बरोबर रिकाम्या बोटीच्या खुणेवर होतं.

मामा तिथेच बसलेला होता.

"तू कोणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुम्हाला."

"मी एकटा आहे. तू सर्वजण म्हणालास." मामा गावाकडे बघत होता. "त्यांना कुठे माहीत, हे कोणाचं गाव आहे."

भाच्याने मान वळवली. वरच्या रस्त्यावर शिंपीणबाई अर्ध्या चढावर थांबल्या होत्या. त्यांनी मागे पाहिलं. मग त्या बाजूला सरकल्या, छत्री मिटली, पाठ भिंतीला टेकवली आणि उभ्या राहिल्या, अरुंद गल्लीतून पुष्कळ माणसं येताना दिसली की आपण राहतो तशा. बराच वेळ त्या तशाच वाट देत राहिल्या.

वर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. ते मधेच थांबलं.

भाच्याने बोट पास केली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बोटीत दोष काढायला जागाच उरली नव्हती. मामीने त्याचं पान वाढलं. मामा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पहिली फेरी घेऊन गेला, भोंगा वाजवला, थांबला आणि रिकामा परत आला. तिसऱ्या दिवशीही. पेटी इतकी हलकी चालत होती की तेल निम्मं लागे. अलीकडच्या काठावरून पाहिलं तर गाव होतं तिथेच होतं. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, ते वाळतच होते. रस्त्याने जाऊन बघून यावं, असं मामा-भाचे दोघंही म्हणत. पण त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून राहून जाई.

तीन महिन्यांनी खात्याने उतारूंअभावी फेरी बंद केली.