अण्णांच्या होम थिएटरचा नवा रिमोट

खोटं वाटलं तर वाटू दे. मी शपथा घेणार नाही. पण तो आवाज खालच्या मजल्यावरच्या इंदुताईंनीही ऐकलाय, म्हणून लिहितोय.

गेल्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. थेरगावातली आमची बिल्डिंग, दुसरा मजला. रात्र नव्हती. संध्याकाळचे पाच वाजले होते, खिडकीत ऊन होतं. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून मी नुकताच घरी आलो होतो.

आधी अण्णांचं सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील, बबनराव. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या दणक्यात, एकतीस वर्षं काढली, त्यात कान गेले. रिटायर झाल्यावर हौसेनं मोठ्या आवाजाचं होम थिएटर घेतलं.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा.

त्यांची कॉट आम्ही हॉलमध्ये, सेटच्या समोर टाकली. काही हवं असलं की ते रिमोटनं सेट चालू करायचे. वूफरमधून 'धप्' असा ठोका यायचा. मग बंद. पुन्हा चालू. कुणीतरी कॉटजवळ येईपर्यंत.

तीच त्यांची हाक होती.

भाद्रपदात ते गेले. माझी बायको मिनल त्या दिवशी चिंचवडला ऑफिसात होती. मी नाइट करून आत झोपलो होतो. सेट सारखा धप् धप् करत होता. उठून पाणी दिलं. उशी सरळ केली. आडवा झालो की पुन्हा धप्.

शेवटी मी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"अण्णा, तासभर झोपू द्या मला."

जाग आली तेव्हा तीन तास झाले होते. अण्णा गेले होते. डावा अंगठा वाकलेला... रिमोटवर ठेवल्यासारखा.

हे मी कुणाला सांगितलं नाही. रिमोट पवना नदीत टाकला. मिनलला म्हणालो, हरवला.

सेटवरचं बटण आधीच बिघडलेलं. तीन महिने तो तसाच पडून होता. मग मिनलनंच डांगे चौकातून युनिव्हर्सल रिमोट आणला. दुकानदारानं तिला रीत सांगितली होती. सेटचा प्लग लावायचा. रिमोटवरचं 'सेट' बटण दाबून धरायचं. लाल दिवा लागला की पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचं. दर वेळी नवा कोड जातो. जुळला की होम थिएटर चालू होतं.

मिनल खाली इंदुताईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. मी सेटसमोर जमिनीवर बसलो. कॉट माझ्या पाठीशी.

एक. दोन. तीन.

काही नाही.

तिसाच्या पुढं मी मोजणं सोडलं. अंगठा दुखायला लागला. रिमोट फरशीवर ठेवला आणि बोटं मोडली.

आणि...

धप्.

सेटचा निळा दिवा लागला. रिमोट फरशीवर होता.

दिवा गेला. पुन्हा धप्. पुन्हा गेला. मधलं अंतर माझ्या ओळखीचं होतं. बटण दाबायचं, दम खायचा, परत दाबायचं.

मला मागं वळवेना.

मी पुढं झालो आणि प्लग ओढून काढला.

शांतता. पंख्याचा आवाजही जाणवेना...

धप्.

प्लग माझ्या हातात होता. निळा दिवा लागलेला. या वेळी तो विझला नाही. कुणीतरी यायची वाट बघत असल्यासारखा तसाच राहिला.

कॉट चार पावलांवर होती. मी गेलो नाही. खरं सांगतो, पाय उचललाच नाही.

हळूहळू दिवा मंदावला. विझला.

तेवढ्यात दार उघडून मिनल आत आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. ती थेट कॉटपाशी गेली आणि थांबली. रिकाम्या गादीकडे बघत राहिली.

"अहो, धप् धप् झालं म्हणून मी इंदुताईंकडूनच पाणी घेऊन धावत आले," ती म्हणाली. "त्यापण म्हणाल्या, जा, बोलवतायत." मग तिचा चेहरा उतरला. "अण्णा तर..."

मी तिला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. रिमोट काढून घेतल्याचंही. तिनं तांब्या कॉटजवळ ठेवला. मग एवढंच विचारलं, "आणि आत्ता? आत्ता तरी जवळ गेलात का?"

मी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेट मेकॅनिककडे नेला. तो म्हणाला, पॉवरचा बोर्ड जळालाय, हा सेट काही महिन्यांत चालू झालेलाच नाही.

दुरुस्त करून आणला. प्लग लावला. आता फर्स्ट शिफ्ट असली की घरी येऊन मी कॉटच्या कडेला बसतो. अंधार पडेपर्यंत. भीती वाटते, तरी बसतो.

एकदाही आवाज आलेला नाही.

परवा मिनल म्हणाली, आता पुरे, देऊन टाका कुणाला तरी. मी हो म्हणालो.

अजून दिलेला नाही.