पालकाचा एकविसावा दिवस

डोळ्यांत थेंब घालून नर्स म्हणाली, "अर्धा तास गप्प बसा. फोन बघू नका," आणि चिमणी चडफडली. अर्धा तास! परीक्षेला उणेपुरे पाच आठवडे उरलेत आणि ही बाई खुशाल म्हणते गप्प बसा.

दोन मिनिटं ती बसली. मग फोन काढलाच. अक्षरं पाण्यात सांडल्यासारखी पसरली होती. तिनं फोन जवळ नेला, लांब धरला, मान वाकडी केली...

"आणा इकडे," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "मी वाचतो. नाहीतर आता तो नाकाला चिकटेल."

चेहरा धुक्यात होता, पण आवाज बरा वाटला. हसू दाबून ठेवलेला. एरवी अनोळखी माणसाच्या हातात तिनं फोन दिला नसता. पण अडला हरी.

"फ्लॅशकार्डं आहेत," ती म्हणाली. "पुढे प्रश्न, मागे उत्तर. तुम्ही प्रश्न वाचायचा, मी सांगेन, मग उलटून बघायचं. आणि हो, मध्येच उत्तर फोडायचं नाही."

"आज्ञा. गाजर, पहिली मोजणी?"

"सातवा दिवस."

"शेवटची?"

"चौदावा."

"टोमॅटो?"

"पाचवा आणि चौदावा... तुम्ही उलटून बघताय ना?"

"कशाला? तुमचा आवाजच सांगतोय. खात्री नसली की तो शेवटी वर चढतो."

चिमणीला राग यायला हवा होता. त्याऐवजी कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि पुढची दोन उत्तरं तिनं मुद्दाम खालच्या पट्टीत दिली.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सात वर्षं रोज भिंगाखाली दाणे निवडायचे, ओल्या टिपकागदावर शंभर-शंभर मांडायचे, ठरलेल्या दिवशी उगवलेले अंकुर मोजायचे. दिवसभर दाणे टिपते म्हणून सगळे चिमणी म्हणत. वरिष्ठ तपासनीसाची एकच जागा निघाली होती. मागच्या खेपेला ती थोडक्यात हुकली होती, म्हणून यंदा तिनं चारशे कार्डं स्वतः बनवली होती. बसस्टॉपवर, जेवताना, दात घासताना, सारखी कार्डं.

"तपासनीस परीक्षेचा डोळ्यांचा दाखला कुणाला हवाय?" आतून हाक आली.

ती उठली. शेजारचाही उठला.

"तुम्ही...?"

"तुमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. ओलावा विभागात," तो म्हणाला. "बदलीवर येऊन तीन आठवडे झाले. दाणे सुकवायची भट्टी सांभाळतो." मग जरा थांबून, "आणि अर्जही त्याच जागेसाठी केलाय. एवढी उत्तरं फुकट सांगितलीत... आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी दिसायला लागल्यावर तिनं त्याला पाहिलं. उंच, भट्टीच्या धगीनं कायम तांबूस चेहरा, आणि ऐकताना भुवई वर जायची खोड. तो सरळ मुद्द्यावर आला. अर्धा पेपर उगवणीवर, अर्धा ओलाव्यावर. तिला ओलावा येत नव्हता, त्याला उगवण. "तुमची कार्डं मला द्या, माझी मी बनवून तुम्हाला देतो. मग ज्याचं नशीब त्याचं."

तिनं लिंक पाठवली. त्यानं तिच्या संचाची आपल्याकडे प्रत करून घेतली. त्याची शंभर कार्डं तिच्याकडे आली.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मागचा जिना. ती वरच्या पायरीवर, तो दोन पायऱ्या खाली. खिडकीतून वारा येई, तिच्या बटा फोनवर येत आणि तो म्हणे, "प्रश्न दिसत नाही, पडदा बाजूला करा." चारच दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोण आधी म्हणालं, यावरही भांडण झालं.

एकदा ओलाव्याच्या कार्डांत मध्येच एक भलतंच कार्ड निघालं. *चिमणी मान तिरकी कधी करते?* तिनं उलटलं. *उत्तर येत नसतं, पण कबूल करायचं नसतं तेव्हा.*

"हे परीक्षेला येणार आहे का?" तिनं विचारलं.

"मला आलं तर पैकीच्या पैकी," तो म्हणाला.

घरी जाताना ती दोन बस सोडून चालत गेली. बसमध्ये एका जागी बसवेना.

आणि नेमकं तेव्हाच, परीक्षेला बारा दिवस असताना, तिला आपली चूक सापडली.

पालक. पालकाचं बी हळू उगवतं. शेवटची मोजणी एकविसाव्या दिवशी. तिच्या कार्डावर होतं चौदावा. चौदा दिवसांच्या मिरचीचं कार्ड बनवल्यावर लगेच हे बनवलं होतं, हात तसाच चालला असणार. तिनं लागलीच दुरुस्त केलं. तिच्याकडे बरोबर झालं. त्याच्याकडची प्रत वेगळी. तिथे चौदावाच राहिला.

उद्या सांगू, असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जाता जाता तिच्या टेबलाशी थांबल्या. "तो खालचा मुलगा भलताच तयारीचा आहे गं. पहिल्यांदाच बसतोय, पण जागा घेऊन जाईल बघ." त्यांनी ते सहज म्हटलं. चिमणीच्या हातातला चिमटा मात्र तसाच राहिला. सात वर्षं! मान मोडेस्तोवर दाणे तिनं निवडायचे...

त्या दुपारी जिन्यावर तो म्हणाला, "आज तू मला विचार. फक्त पालेभाज्या."

तिनं विचारलं. एक, दोन, तीन. मग पालक आला.

"पहिली सातवा. शेवटची..." त्याची भुवई वर गेली. "चौदावा. बरोबर ना?"

तो तिच्याकडे बघत होता. कार्डाकडे नव्हे, तिच्याकडे.

"बरोबर," चिमणी म्हणाली.

एवढा एकच शब्द. पण त्या शब्दानं तिची झोप, भूक, हिशेबी हात, सगळं नेलं. टिपकागदावरचे अंकुर मोजताना त्र्याण्णव आले, पुन्हा मोजले तर एक्याण्णव. चहा गार व्हायचा. फोन वाजला की दचकायची. सुट्टीत आज डोकं दुखतंय, उद्या नमुने जास्त आलेत, असं म्हणून ती जिन्यावर जायचं टाळू लागली. आणि खालच्या मजल्यावर दार वाजलं की कान तिकडेच.

"काय गं, अंगात मुंग्या शिरल्यात का?" तिची ताई शेवटी म्हणाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दोघी एकत्रच राहत. "सकाळपासून चौथ्यांदा गॅलरीत जाऊन आलीस."

चिमणीनं सांगितलं. एका दमात, पाठमोरी उभी राहून.

ताईनं कपड्याची घडी पुरी केली. "जागा हवी की तो?"

"दोन्ही."

"मग त्याला सांगून काय मिळेल ते घे. न सांगता मिळालेलं तुला पचायचं नाही. पोट तुझं, मला ठाऊक आहे."

परीक्षा सोमवारी. रविवारी सकाळी चिमणीनं त्याला तीन फोन केले. उचलला नाही. मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुसला. असलं काही मेसेजवर सांगायचं? मग एकदम आठवलं... भट्टीत शनिवारी ठेवलेले नमुने सतरा तासांनी काढावेच लागतात, रविवार असो की काही. ती चपला अडकवून निघाली.

तो खालीच होता. जाड हातमोजे घालून डब्या बाहेर काढत होता. तिला पाहून चेहरा उजळला. "अरे! डोकेदुखी बरी—"

"मला काहीतरी सांगायचंय."

"दोन मिनिटं. वजनं होऊ देत. काट्याजवळ श्वाससुद्धा सोडू नकोस, आकडा हलतो."

ती उभी राहिली. तो एक-एक डबी काट्यावर ठेवी, काचेचं दार लावी, आकडा लिहून घेई. बारा डब्या. त्या बारा डब्यांच्या वेळात ती तीनदा दाराकडे वळली आणि तीनदा परत फिरली.

"बोल," तो म्हणाला.

"पालकाची शेवटची मोजणी एकविसावा दिवस. चौदावा नाही. कार्ड माझ्याकडून चुकलं होतं."

"एवढंच? मग त्यात—"

"नाही, थांब. चूक मला आधीच कळली होती. मी माझं कार्ड सुधारलं. आणि मग... तू विचारलंस तेव्हा मी बरोबर म्हणाले. मुद्दाम."

काट्याच्या आकड्यावरची त्याची नजर हलली नाही.

"का?"

"मला ती जागा हवी होती." तिचा आवाज शेवटी वर चढला. "आणि त्या दिवसापासून मला कशातच चैन नाही. कारण मला... तू आवडतोस. जागेपेक्षा जास्त. हे मला उशिरा कळलं."

भट्टीचा पंखा घरघरत होता. त्यानं हातमोजे काढून एकावर एक ठेवले.

"मी पुस्तक उघडलंच नाही," तो हळूच म्हणाला. "तुझी कार्डं आहेत म्हणून. चिमणीनं लिहिलंय म्हणजे बरोबरच, असं म्हणून डोळे झाकून पाठ केलं." मग, "जा तू आता. मला पुस्तक चाळायचंय. चारशे कार्डं ताडून बघायचीत."

"बाकीची सगळी बरोबर आहेत."

"असतील," तो म्हणाला. हे 'असतील' तिला थपडेसारखं लागलं.

सोमवारी परीक्षेच्या खोलीत तो तिच्यापुढे दोन बाकं सोडून बसला होता. मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्याच पानावर पालक होता, दोन गुणांना. चिमणीनं एकविसावा लिहिलं आणि पुढच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ थोडी वाकली होती, पेन चाललं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. मागचा जिना रिकामा. एकदा दारात समोरासमोर आले. तो बाजूला झाला, "हं" म्हणाला, गेला. तो 'हं' तिनं घरी नेऊन दहा वेळा ऐकला. रागाचा होता? की नुसताच 'हं'?

निकाल मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर वाचला. पहिला तो. दुसरी चिमणी. एका गुणानं.

लोक तिच्याकडे बघत होते, आता रडेल म्हणून. गंमत म्हणजे चिमणीला रडू आलं नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचा दगड हलल्यासारखं झालं. वर येऊन तिनं टिपकागद ओला केला, दाणे मांडायला घेतले. शंभर. पुन्हा मोजले, शंभरच.

समोरचं स्टूल सरकलं. तो यापूर्वी कधी वरच्या मजल्यावर आला नव्हता.

"दोन गुणांचा प्रश्न होता," तो म्हणाला.

"माहितीये."

"तू सांगितलं नसतंस तर आज दुसरा मी असतो आणि पहिली तू..."

"हिशेब मलाही येतो."

"मग वाईट नाही वाटत?"

"वाटतंय ना. मागच्या वेळी हुकले, आताही हुकले." तिनं चिमटा खाली ठेवला. "पण परत वेळ आली तरी सांगेन. फक्त जरा लवकर."

त्यानं रांगेबाहेरचा एक दाणा बोटानं जागेवर सरकवला. "तीन आठवडे मी तुझ्यावर रागवायचा अभ्यास करतोय," तो म्हणाला. "सकाळी पाठ होतं... दुपारी वर तुझ्या चपलांचा आवाज आला की सगळं विसरतो. माझ्याच्यानं नाही होणार. मी नापास."

चिमणी हसली आणि मग, आता कुठे, तिचे डोळे भरून आले.

"तुला उत्तर द्यायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी भट्टीपाशी तू जे म्हणालीस, त्याला. मलाही. जागेचं कळायच्या आधीपासून. त्या दवाखान्यात तुला मी दिसतही नव्हतो, तेव्हापासून." त्यानं टेबलावरचा तिचा ओला हात धरला. "पण सोमवारी मला प्रशिक्षणाला जायचंय. दुसऱ्या शहरात, तीन महिने."

"तीन महिने," ती म्हणाली.

"हो."

"पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघणार आहे म्हणे. मी बसणार आहे. आणि तुला एक अक्षर विचारणार नाही, आधीच सांगते."

"नको विचारूस." त्यानं हात सोडला नाही. "सोमवारी सकाळची गाडी आहे. सोडायला येशील?"

चिमणीनं खिडकीबाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे. आवाज अगदी खालच्या पट्टीत, न चढणारा.

"सोडायला नाही येणार," ती म्हणाली. "आणायला येईन."