बायकांच्या खेळातली शेवटची पाटी

कोल्हारच्या एसटी स्टँडवर कंडक्टरचं नि प्रवाशाचं भांडण ही काही बातमी नव्हे. पण त्या शनिवारी सकाळी कंडक्टर एकटाच भांडत होता. समोरचा माणूस नुसता उभा राहून घाम पुसत होता. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि पायाशी ही एवढी थोरली लोखंडी पेटी. पेटीत काय आहे, एवढंच कंडक्टरला हवं होतं. तो माणूस तोंड उघडायचा, 'प्र... प्र...' इथवर यायचा आणि अडकायचा. रांगेतल्या लोकांना तेवढंच पुरलं. एक म्हातारबुवा दोन पावलं मागे सरून म्हणाले, प्रेतबीत असंल, गाडीत घेऊ नका.

रांगेत तिसरी कृपा होती. लोकांचं अडलेलं वाचून देणं हे तिच्या घरचं व्रतच म्हणा. वडील प्रभुदास मास्तर पूर्वी मिशनच्या शाळेत; गावातली निम्मी पत्रं त्यांच्या ओसरीवर वाचली जायची, आणि दहाव्या वर्षापासून ती कृपाच वाचायची. नियम एकच. कागदावर असेल ते वाचायचं. बातमी बरी असो की वाईट, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, गाळायचंही नाही. तर ती पुढे झाली, पेटीवरची इंग्रजी चिठ्ठी वाचली आणि आत सिनेमाचा प्रोजेक्टर आहे, नगरच्या कॉलेजचा आहे, असं कंडक्टरला सांगून मोकळी झाली. पेटी टपावर चढली.

गाडीत तो तिच्या मागच्या बाकावर बसला. 'थँक्यू' तेवढं त्याला चटकन म्हणता आलं, मग पुढचे चार मैल काही नाही. शेवटी खिडकीकडे बघत त्याने विचारलं, "कारखान्याच्या शाळेत... कृपाबाई म्हणून आहेत. ओ... ओळखता का?"

"ओळखते. बऱ्या आहेत तशा," कृपा म्हणाली. "का?"

"माझा सिनेमा मुका आहे. मधे इंग्रजी पाट्या येतात. त्या मराठीत वाचायला कारखाना त्या बाई देणार आहे. मला स्वतःला..." तो थांबला. "तुम्ही बघितलंतच."

"मग वाचतील की. कृपाबाई ती मीच," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते प्रेतवाले सर."

तो हसला. हसताना मात्र तो कुठेच अडकत नव्हता, हे कृपाच्या लगेच ध्यानात आलं. नाव गहिनीनाथ, पारनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजात विज्ञानाची प्रात्यक्षिकं घ्यायचा आणि रविवारी सिनेमाची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. एवढं सगळं सांगायला त्याला उरलेला सगळा रस्ता लागला. रस्ता जरा लांब असता तरी चाललं असतं, असं तिला उगाचच वाटलं.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या एप्रिलातली. आदल्या साली पाऊस झालेला नव्हता, ऊस वाळून गेला होता आणि कारखान्याचा हंगाम जानेवारीतच आटोपला होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. पाण्याचं तिथे असं होतं की विहीर एक, पंप एक. साहेबांच्या बंगल्यांना दोन वेळा पाणी, हिरवळीलासुद्धा. आणि कामगारांच्या चाळीला सगळ्यात मिळून एक नळ, सकाळी एक तास. पंप चालवायचा सहादेव. तो स्वतः चाळीतला; त्याच्या घरची पत्रंही कृपाच वाचून द्यायची. चाळीने ठरवलं होतं की सोमवारी सकाळी दुसरा नळ मागायचा, आणि नाही दिला तर सहादेव बंगल्यांचं पाणी बंद करणार. हे कारखान्याच्या लेबर ऑफिसरला, श्रीमंतरावांना, कुणकुण लागून कळलं होतं. रविवारी माणसांचं मन जरा सिनेमात रमवावं म्हणून त्यांनी हा खेळ मागवला. पुरुषांचा खेळ रविवारी दुपारी, बायकांचा सोमवारी दुपारी. तिकडे तशीच पद्धत होती.

शनिवारी दुपारी साखरेच्या रिकाम्या गोदामात दोघांनी सिनेमा लावून बघितला. शाळेची शिपाईण आक्काबाई दारात बसवली होती, लोकांची तोंडं बंद राहावीत म्हणून. झरोक्यांना ताडपत्र्या लावलेल्या, गोदामभर मळीचा आंबूस वास आणि पायाखाली मुंग्याच मुंग्या. भिंतीवरच्या चादरीवर पन्नास वर्षांपूर्वीची विलायतेतली माणसं हलायला लागली.

गोष्ट पुढच्या काळातली. ढगांत टांगलेलं एक शहर. तिथे कारंजी आणि बागा. जमिनीखाली हजारो माणसं एक भलंमोठं चाक पायांनी फिरवतात, तेव्हा पाणी वर चढतं. त्यांना स्वतःला रोज एक पेला. वरचा एक शास्त्रज्ञ पावसाचं यंत्र बनवतो. चाक जोरात फिरवा, यंत्र भरलं की खालीही पाऊस पडेल, असं त्यांना सांगतात. माणसं जीव तोडून फिरवतात. पाऊस पडतो, पण वरच्या बागांवर. मग वरच्या घड्याळवाल्याची मुलगी ते बघून खाली येते, चाक थांबतं, कारंजी आटतात आणि वरच्या शहराच्या मालकाला शिडीने खाली उतरावं लागतं. शेवटची पाटी येते: 'पाणी वाटून घेतल्यावाचून चाक फिरणार नाही.'

कृपाने पाट्या एका कागदावर मराठीत उतरवल्या आणि डोळे पुसले. किती छान प्रेमाची गोष्ट आहे, ती म्हणाली. त्या मुलीने माणसांसाठी सगळं सोडलं. गहिनीनाथने मान हलवली. ही प्रेमाची गोष्ट नाहीच, त्याचं म्हणणं, ही चाक कुणाच्या पायाखाली आहे त्याची गोष्ट आहे. ती मुलगी आली नसती तरी एक दिवस चाक थांबलंच असतं.

"थांबलं असतं, पण उशिरा," कृपा म्हणाली. "तोवर किती जण तहानेने गेले असते, सर?"

तो तिच्याकडे बघतच राहिला, इतका की रीळ संपून मशीन नुसतंच फडफडत राहिलं आणि दारातून आक्काबाई खोकली. मग त्याने एक गंमत सांगितली. हा सिनेमा निघाला तेव्हा एका देशाने म्हणे तो बंडाचा म्हणून बंद केला, आणि दुसऱ्या देशाने शेवटची पाटी तेवढी बदलून कारखान्याकारखान्यांत फुकट दाखवला. चित्रं तीच. पाटी बदलली की तीच माणसं मालकापुढे हात जोडल्यासारखी दिसायची.

"म्हणजे सगळं वाचणाऱ्याच्या हातात," कृपा म्हणाली.

"सगळं," तो म्हणाला. या शब्दावर तो अडकला नाही.

रविवारी सकाळी श्रीमंतराव शाळेत आले आणि त्यांनी कागद मागितला. सावकाश वाचला. ओरडले वगैरे मुळीच नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि वडिलांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "शेवटची पाटी जरा सांभाळून घ्या बाई. मुका सिनेमा आहे, कोण विचारतंय. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय. ऑर्डर माझ्याच टेबलावर आहे."

कृपा नाही म्हणाली नाही. नंतर कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं की त्या वेळी तोंडात काय बसलं होतं. मास्तरांची पेन्शन ती केवढी, धाकट्या बहिणीचं शिक्षण, हे सगळं खरंच होतं. पण खरं म्हणजे ती भ्यायली.

दुपारी गोदामात चारशे माणसं दाटीवाटीने बसली. कृपा माईकपुढे, गहिनीनाथ मागे मशीनपाशी. पावसाच्या यंत्राच्या वेळी लोक हसले, पाऊस वर पडला तेव्हा एकदम गप्प झाले. बाई पाट्या वाचत गेल्या. शेवटची पाटी आली. कृपाने ती बघितली, कागदावरही बघितली आणि स्पष्ट आवाजात वाचलं, "मालकावर भरवसा ठेवा. चाक फिरवत राहा. पाणी येईल."

पुढच्याच ओळीत बसलेल्या सहादेवने मोठा श्वास सोडला. दिवे लागल्यावर तो शेजारच्याला सांगत होता ते तिला ऐकू आलं.

"थांबलं चाक, तरी शेवटी भरवसाच ठिवावा लागला न्हव. बाईंनी वाचलंय म्हंजी तसंच असनार. जाऊ द्या, चार दिस बघू अजून."

ते ऐकून कृपाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लोक तिला नमस्कार करून बाहेर पडत होते आणि तिला एकाच्याही तोंडाकडे बघवत नव्हतं. सगळे गेल्यावर ती मशीनपाशी आली. गहिनीनाथ मान खाली घालून रीळ गुंडाळत होता.

"शे... शेवटची पाटी मीही वाचली," तो एवढंच म्हणाला.

आणि कृपाला राग आला. चोराला पकडणाऱ्याचाच येतो तसा. "मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत?" ती म्हणाली. "उठून सांगायचं सगळ्यांना. तोंड होतं ना तुम्हाला?"

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं आपण कुणाला काय बोललो ते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि तो उन्हात निघून गेला. एका दिवसात दोन पापं, दोन्ही जिभेची. ती रात्र तिने अंथरुणात बसून काढली.

सोमवारी सकाळी दुसरा नळ मागायला कुणी गेलं नाही. बंगल्यांच्या हिरवळीवर नेहमीसारखं पाणी पडत होतं, आणि चाळीच्या नळावर सहादेवची बायको बनुबाई रिकामी घागर घेऊन परत फिरताना कृपाने डोळ्यांनी बघितली.

दुपारी बायका आल्या. कडेवर पोरं, डोक्यावर पदर, नळावरची अर्धी भांडणं तशीच बरोबर घेऊन. श्रीमंतराव आलेच नाहीत. बायकांच्या खेळात पुरुष कशाला, हा तिकडचा रिवाज, मशीनवाला तेवढा सोडून. मशीनवाल्याने तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. कालचंच पुन्हा वाचलं तर कुणाला कळायचं नव्हतं. खरं वाचलं, तर या बायका घरी जाऊन नवऱ्यांना सांगणार आणि बाईंचं खोटं चारचौघांत येणार. इतकं सरळ होतं.

सिनेमा संपत आला. मालक शिडी उतरला. पाटी आली. कृपाने वाचलं, "पाणी वाटून घेतल्यावाचून चाक फिरणार नाही."

मग मधूनच बनुबाई उठून उभी राहिली.

"बाई, काल तर आमच्या मान्साला येगळंच वाचलंसा. भरवसा ठिवा म्हनून. तेच्यावरनं तेनी पंप चालू ठिवला. खरं कंचं?"

त्याच वेळी मागे मशीनचा खटका पडला. रीळ उलटं फिरलं, मालक शिडीवरून उलटा वर गेला, पुन्हा उतरला, आणि तीच पाटी पुन्हा चादरीवर आली. आता ती हलत नव्हती. गहिनीनाथने मशीन तिथेच थांबवलं होतं.

"खरं हे," कृपा म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "इथे असंच लिहिलंय. काल मी खोटं वाचलं. साहेब म्हणाले म्हणून वाचलं, नोकरीसाठी वाचलं. तुमची माणसं माझ्या शब्दावर घरी बसली. मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही मला."

बायका एकेक करून उठल्या, पोरं उचलली आणि दारातून निघाल्या त्या चाळीकडे गेल्या नाहीत, सरळ पंपाकडे गेल्या. तासाभराने बंगल्यांचं पाणी बंद झालं, आणि दुसऱ्या नळाचं बोलणं करायला श्रीमंतराव स्वतः चाळीत गेले, असं आक्काबाई धावत येऊन सांगून गेली. पण त्याआधी बनुबाई कृपाजवळ थांबली होती.

"खरं बोलला, लई बरं केलं," ती म्हणाली. "पर बाई, आमच्या लेकीचं पत्र आलं तर आता मी दुसऱ्याकडनं वाचून घीन. राग नका धरू."

कृपाने मान हलवली. राग कसला धरायचा. कायम होण्याची ऑर्डर आता गेलीच, याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे मात्र आतवर गेलं. बनुबाई गेली तशी ती तिथेच पेटीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

गहिनीनाथने ताडपत्र्या सोडल्या. गोदामात ऊन आलं. मग तो येऊन पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये हातभर जागा ठेवून.

"काल मी बोललो नाही," तो म्हणाला. मध्ये मध्ये थांबत होता, पण थांबायला भीत नव्हता. "बोलायची ग... गरजच नव्हती. आज केलं तेच करायचं होतं. मशीन थांबवायचं. खटका माझ्या हाताखाली होता. मी तोही दाबला नाही."

"का?"

"तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं असतं."

कृपाने पदर बाजूला केला. "काल मी तुम्हाला बोलले ते... सर, ते मी कधीच विसरणार नाही. माझी किळस नाही आली तुम्हाला?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "तुमची. म्हणजे मीच खोटं वाचल्यासारखी. रात्रभर झोप नाही. मग पहाटे ध... ध्यानात आलं. श्रीमंतरावांची मला लाज वाटत नव्हती. त्यांचा नुसता राग येत होता. परक्या माणसाची लाज कुणाला वाटत नाही, बाई. आ... आपल्याच माणसाची वाटते."

आम्ही ख्रिस्ती, तुमच्या घरी चालेल का, आमच्या घरी काय म्हणतील, असं पुष्कळ काही कृपाच्या ओठांवर आलं, आणि त्यानेही ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण त्याने फक्त मान हलवली; होईल ते होईल अशी.

"आज मला हो म्हणवत नाही," ती शेवटी म्हणाली. "आज माझं तोंड त्या लायकीचं नाही."

"मग उद्या म्हणा."

"उद्या तुमची एसटी सकाळी सातची."

"जा... जाऊ दे ती," गहिनीनाथ म्हणाला. "परवाही आहे."

मधली हातभर जागा तशीच होती. कृपाने आपला हात तिथे, पेटीच्या तापलेल्या पत्र्यावर, उलटा ठेवला. त्याने त्यावर आपला हात ठेवला आणि दोघं बराच वेळ खाली बघत तसेच बसून राहिले.