दोन गुलाबी रेघा

"ही मागल्या म्हयन्यातली... आणि ही आजची!"

सुलक्षणाबाईंनी दोन्ही पट्ट्या ओट्यावर, निवडलेल्या लाल माठाशेजारी ठेवल्या, आणि अक्षताच्या हातातली सुरी थांबली. बोटभर लांबीच्या त्या पट्ट्या, दोन्हींवर दोन-दोन गुलाबी रेघा! आजची पट्टी तिने दुपारीच कागदात गुंडाळून बाथरूममधल्या डब्याच्या तळाशी दडपली होती. पण ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा सोसायटीचा नियम अख्ख्या दिंडोशीत कुणी मनापासून पाळत असेल, तर त्या सुलक्षणाबाई! त्यांच्या हाताखालून कागदाचा बोळासुद्धा न उलगडता जात नसे.

"माका अडाणी समाजतंस काय गो? दोन रेघा म्हणजे काय, ता टीव्हीवर रोज दाखवतत. मागल्या म्हयन्यात ही गावली, तेवा मी देवापुढे नारळ ठेवलंय. तुका पाण्याची बादली उचलूक देऊक नाय... आणि पंधरा दिवसांनी तू सांगतंस, आई, चार दिवस देवाकडे माझा हात नको! खंय गेला ता? पाडलंस ना?"

अक्षताने सुरी खाली ठेवली. म्हणजे मागच्या महिन्यातला तो अवचित केलेला शिरा, हातातून काढून घेतलेली बादली, "दमलंस काय?" ही विचारपूस... ती सारी माया या पट्टीपोटी होती! आणि नंतरचा तो पंधरा दिवसांचा अबोलाही...

एका वाक्यात ती सगळं सांगू शकली असती. ही पट्टी दिवस राहिल्याची नाही हो, आई! बीज सुटायची वेळ जवळ आली, पुढचा एक-दीड दिवस दवडू नका, एवढंच ती सांगते. पण मग सासूबाईंचा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर अक्षताचं एकटीचं नव्हतं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. सुबोधसारखा मायाळू नवरा शोधून मिळाला नसता, पण ऐन वेळी त्याचं शरीर त्याला साथ देईना. जितकी तो धास्ती घेई, तितकं ते अधिकच हट्टाला पेटे. डॉक्टरबाईंनी दोघांचे रिपोर्ट पाहिले, ते चांगले होते. "मग घरच्या घरी करा की, लाजायचं काय त्यात?" म्हणत त्यांनी वीर्य धरायला निर्जंतुक डबी आणि ते आत सोडायला बिनसुईची सिरिंज हातात ठेवली, पट्टी कशी वाचायची ते शिकवलं, नंतर अर्धा तास पडून राहायला सांगितलं. अक्षताला अडतिसावं लागलं होतं; वेळ दवडू नका, हेही त्या दोनदा म्हणाल्या. त्या एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या घरात निवांत वेळ एकच मिळे, सासूबाई सोसायटीच्या दत्तमंदिरात भजनाला जात तो, सात ते साडेआठ. तीन महिने त्याच वेळात त्यांनी प्रयत्न केले होते.

"आईला कळलं ना, तर मला तिच्याकडे बघताच येणार नाही गं," सुबोध म्हणाला होता. म्हणून अक्षतानेच सगळ्यांना सांगून टाकलं की दोष माझ्यात आहे. मग काढे प्यायली, उपास केले, बारशांना बोलावणं आलं नाही तेव्हा काही म्हणाली नाही... काही म्हणजे काहीच नाही!

"गप्प कित्याक? बोल!"

"मी काही पाडलं नाही, आई. देवाशपथ सांगते."

"देवाचा नाव घेव नको! ह्या असला घरात घडला म्हणान मी भजनाक जाऊक नाय पंधरा दिवस. खंयच्या तोंडान जाऊ? उद्या तुझ्या भावाक बोलावतंय. तुका घेऊन जा म्हणतलंय."

अक्षताने पदराने डोळे पुसले. "बरं, आई. जाईन मी."

"ती कुठे जाणार नाही!"

दारात सुबोध उभा होता, एक बूट पायात, एक हातात. दुपारी अक्षताचा मेसेज गेला होता, 'आज', एवढाच. लिफ्ट दुरुस्तीचं काम जोडीदारावर सोपवून तो लवकर निघाला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तरीही तो बोलला. अडखळत, जमिनीकडे बघत, आईसमोर कुठल्याही मुलाला जे बोलताना मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, ते सगळं बोलला. डबी, सिरिंज, पट्टी... "दोष माझा आहे, आई. ती माझ्यासाठी गप्प राहिली."

सुलक्षणाबाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी अक्षताकडे पाहिलं.

"आणि तू..." त्यांचा आवाज चिरकला. "चार वर्षां माझी बोलणी ऐकत रवलंस?"

"ते माझं सांगायचं नव्हतं ना, आई..."

सुलक्षणाबाईंनी नाक ओढलं. मग एकदम विचारलं, "ह्या आजच व्हया काय?"

"आज. फार तर उद्या सकाळी," अक्षता पुटपुटली.

"वेळ किती लागता?"

"तासभर... ती नंतर पडून राहते, ते धरून," सुबोध भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला.

त्या उठल्या, खुंटीवरच्या झांजा घेतल्या, चपला घातल्या. "आतून कडी घाला. साडेआठपर्यंत मी येवचंय नाय."

साडेआठला अक्षताने दार उघडलं. सासूबाई भजनाला गेल्याच नव्हत्या! जिन्याच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून, मांडीवर झांजा घेऊन बसल्या होत्या. समोरच्या नीलाकाकू भाजीची वाटी हातात धरून तणतणत होत्या, "बघ गं अक्षता, मला आत सोडतच नाही ही! म्हणे पेस्ट कंट्रोल चाललंय!"

"चालला होताच," सुलक्षणाबाई ठसक्यात म्हणाल्या, आणि वाटी घेऊन त्यांनी काकूंना वाटेला लावलं. मग गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि सुनेकडे न बघता आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. सवयीने अक्षताने बादलीच्या कडीला हात घातला, तोच त्यावर सासूबाईंचा खरखरीत हात येऊन पडला.

"आई, अहो... अजून काहीच नाहीये. पंधरा दिवस तरी कळणारही नाही. कदाचित..."

"ता माका म्हायत हा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "कायच नाय हा अजून. तरी पण तू उचलू नको, बाय."

अक्षताने कडी सोडली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच ती सासूबाईंसमोर मोकळेपणी रडली.